एकही मूळ कापलं नाही

मी एक जुनी खुरपी आहे. मूठ वाळवीनं खाल्ली, पात्यावर गंज चढला आणि अंगावर चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, वाळक्या सुयांचा थर साचला. सातपुड्याच्या या पठारावर, करवंदीच्या एका जाळीखाली, मी कित्येक वर्षं जमिनीत रुतून उभी आहे. मित्रांनो, तुम्ही इथं सहलीला येता. माझ्या डोक्यावरच्या चार उंच झाडांना टेकून फोटो काढता, डबे उघडता, आणि तुमच्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "आपल्या खानदेशात हे चीड आले कुठून?" मग गाडीवाला सांगतो, "जीवरामसाहेबांनी जगवले." तुम्ही माना डोलावता आणि चटणीभाकरीकडे वळता. मला मात्र ते दोन शब्द काट्यासारखे सलतात. मी खुरपीच्या जातीची. माझी जीभ धारदारच असायची. आज बोलणारच आहे, तेव्हा घास गिळा आणि ऐका.

माझा जन्म जामनेरच्या बाजारातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून, ठोकून त्यानं माझं पातं काढलं. मला करवून घेणारे होते झिपरू आबा. त्यांच्या लेकीचं लग्न नरडाण्याकडच्या एका गावात ठरलं होतं. लेकीला सोन्यानाण्यानं मढवणं त्यांना जमणारं नव्हतं, पण तिच्या हाताला स्वतःचं अवजार असावं ही त्यांची फार हौस. बाभळीची मूठ त्यांनी आपल्या हातानं तासली. लेकीची मूठ तिच्यावर ठेवून बघितली, मान हलवली आणि पुन्हा तासली. त्या लेकीचं नाव ताईबाई.

ताईबाईला भाऊ नव्हता. एक होता, तो लहानपणीच गेला. लग्नानंतर काही वर्षांत आबा गेले, मागोमाग आई गेली, आणि घराच्या जागेवर चुलत्यांचा गोठा उभा राहिला. माहेरची म्हणून तिच्याजवळ मी तेवढी उरले.

तुम्ही शहरात राहत असाल तर आखाजी तुम्हाला नीट ठाऊक नसेल. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात ती सासुरवाशिणींची दिवाळी. वैशाखाच्या उन्हात गावोगाव मुराळी निघतात. मुराळी म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला आलेला भाऊ. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, घरोघर सांजोऱ्या तळल्या जातात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं कोरी घागर पाण्यानं भरून पुजतात. वर खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात. सगळी गल्ली रिकामी व्हायची तेव्हा ताईबाई ओट्यावर बसून मला दगडावर पाजवायची. धार आधीच चांगली असायची, तरी पाजवायची. घागर ती सासरच्या पितरांची भरे. बापाची घागर माहेरात, भावाच्या घरी भरायची, ही तिची समजूत. पण घर कुठलं आणि भाऊ कुठला?

बाकी कामात मात्र ती राणी होती. कपाशीची निंदणी करावी ताईबाईनं. तिच्या मागं बायांची टोळी असे, आणि टोळीनं सोडलेलं शेत आरशासारखं दिसे. काडी म्हणून सापडायची नाही. पंचक्रोशीत शेतकरी म्हणत, "पहिल्यांदा ताईबाईला विचारा, ती नसली तर मग दुसऱ्या टोळीला." कपाशीच्या बुडाला मी अशी फिरे की गवत मुळासकट वर यावं आणि कपाशीच्या तंतुमुळाला माझा वाराही लागू नये. ही फुशारकी नाही. ज्या कामावर आयुष्य घालवलं ते आपलं आपल्याला माहीत असतं.

मग त्र्याऐंशी साली जीवराम ताईबाईच्या सासरगावी आले. ते वनखात्यात वनपाल होते आणि त्यांची नेमणूक इथं, पठारावर होती. हिमालयाकडून चिडाचं बी आलं होतं, त्याची रोपं वाढवून ही टेकडी हिरवी करायची होती. पठारावरच्या माणसांची स्वतःची शेतं तेव्हा भरात, म्हणून खालून मजूर हवे होते. जीवराम स्वतः जामनेरकडचे. बोलता बोलता ताईबाईचं माहेर निघालं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे तुम्ही आमच्या गावाकडच्या की! मग मजूर कसल्या, तुम्ही तर बहीण माझी."

त्या एका शब्दावर ती विरघळली. त्या संध्याकाळी ट्रकमध्ये मला मांडीवर घेऊन ती द्रौपदाबाईला आपल्या अहिराणीत म्हणाली, भाऊ मिळाला गं मला, "मले भाऊ मियना व."

द्रौपदाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण, पण जीभ माझ्याहून तिखट. ती म्हणाली, "सरकारी भाऊ शे बाई. बदली व्हयनी का नातं बी जाई."

ताईबाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसल्या. राखीपौर्णिमेला ताईबाईनं रोपवाटिकेतच जीवरामांना राखी बांधली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ताई, यंदा आखाजी माझ्या घरी. मुराळी धाडतो." माझी मूठ तिच्या कमरेला खोचलेली होती. तिनं ती हातानं चाचपली, जणू आबांना सांगत होती.

आषाढातच रोपं लावून झाली होती. बोटाएवढी रोपं, डोक्यावर सुयांचा झुबका. लावणीच्या दिवशी एक संशोधक आला होता, जाड चष्म्याचा, पायात चिखलाचे बूट. तो जीवरामांना एका रोपाशी घेऊन खाली बसला. मी हातभर अंतरावर मातीत खोचलेली होते. ताईबाई पलीकडे द्रौपदाबाईशी बोलत खड्डे करत होती, तिनं काही ऐकलं नाही. मी सगळं ऐकलं.

"पाऊस आहे तोवर कुणीही जगेल," तो म्हणाला. "खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्याची. पाऊस गेला की वरची ओल आटते आणि खाली खाली सरकते. मुळानं तिच्या मागं धावून तिला गाठायचं असतं. गाठली तर झाड, नाही गाठली तर काडी. म्हणून बुडाशी टीचभर गवत काढा, पण ही झुडपं ठेवा. मावळतीच्या बाजूची तर नक्कीच ठेवा. त्यांच्या सावलीत ओल टिकते. जमीन उघडी पडली आणि तापली, की एवढंसं रोप मातीलगत गळ्याशीच भाजतं."

"समजलं," जीवराम म्हणाले. "एका झुडपाला हात लावू देणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

पावसाळा सुखाचा गेला. दिवस दिवस धुकं उतरत नसे. दगडांवर शेवाळ, सुयांच्या टोकांवर थेंब, आणि जमीन अशी ओली की मी मातीत टेकवावी आणि आपोआप उतरावी. रोपं दिसामासांनी वाढली. जीवराम रोज फेरी मारत, रोपांशी बोलत, मला वाटे काय माणूस आहे!

दिवाळी झाली आणि निरोप आला की मोठे साहेब टेकडी पाहायला येणार. जीवरामांचा चेहराच बदलला. बढती त्यांच्या दाराशी येऊन उभी होती म्हणतात. ते वर येऊन टेकडीकडे बघत राहिले. गवत गुडघ्याएवढं, मध्ये मध्ये करवंदी आणि धायटीची झुडपं, त्यांच्या आडोशाला रोपं. लांबून बघणाऱ्याला चीड दिसणारच नाही.

"ताई," ते म्हणाले, "ही टेकडी कपाशीच्या शेतासारखी करून दाखवा. काडी दिसता कामा नये. रोपन् रोप उठून दिसलं पाहिजे."

तिला काय, आंधळा मागतो एक डोळा! तिच्या हातची कला भावानं मागितली होती. टोळी कंबर कसून उतरली. कुऱ्हाडी झुडपांवर चालल्या, खुरप्या गवतावर. मीही चालले. मला विचारून कुणी चालवत नाही, मित्रांनो, पण तेव्हाही प्रत्येक रोपाच्या बुडाशी मी वळसा घालूनच गेले. ताईबाईचा हातच तसा होता. एका जागी तेवढ्या आम्ही थांबलो, ती ही करवंदीची जाळी. हिच्या सावलीत बायांच्या भाकरी टांगलेल्या असत, पाण्याचं मडकं असे. आणि द्रौपदाबाईनं इथल्या एका दगडाला शेंदूर लावून आपला देव केला होता. ती आडवी आली.

"आठे खुरपी नको चालाडू. देव शे."

जाळी राहिली, आणि तिच्या आडोशाची चार रोपंही गवतासकट राहिली.

मोठे साहेब आले. गाडीतून उतरले आणि म्हणाले, "वा! टेकडी आहे की आरसा!" जीवरामांनी ताईबाईला पुढं बोलावलं, तिला नारळ दिला, "ही माझी बहीण" म्हणून ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. ताईबाईनं मला पदरानं पुसलं. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

पुढं पौष सरला आणि पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला. अडवायला झुडूप नव्हतं, झाकायला गवत नव्हतं. कपाशीची काळी जमीन खोल असते, वर नांगरलं-निंदलं तरी पोटात ओल धरून ठेवते. ही टेकडी म्हणजे मुरमावर वीतभर लाल माती. तिचं पोटच उथळ. उघडी पडली ती आठवड्या-आठवड्याला खडखडीत होत गेली. आळी करायला मला मातीत मारत तेव्हा खण् असा आवाज येई. ओल पळाली खाली, आणि रोपांची मुळं राहिली वर. आधी सुयांची टोकं पिवळी झाली, मग तांबूस. माघाच्या शेवटी उताराच्या उताराला तांब्याचा रंग चढला.

एका दुपारी जीवराम आले. त्यांनी जमिनीवर तळवा टेकवला आणि झटकन उचलला. एक रोप त्यांनी उपटलं. मूळ अख्खं होतं, नखाएवढाही काप नव्हता. वर गळ्याशी मात्र काळं वळं पडलेलं, भाजल्यासारखं. मग त्यांची नजर या जाळीकडे गेली. चारही रोपं हिरवीगार. मी पाहिलंय त्यांना. सगळं उमगलं होतं त्या माणसाला.

"भाऊ, काय व्हयनं हाई?" ताईबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"थंडी बाधली असेल, ताई," ते म्हणाले, आणि हातातलं रोप त्यांनी दरीत भिरकावलं.

टोळी घरी गेली. वैशाख आला. मुराळी काही आला नाही. ताईबाई दोन दिवस रस्त्याकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाली, साहेबमाणूस, शंभर कामं असतील, आणि द्रौपदाबाईला सोबत घेऊन एसटीनं निघाली. डोक्यावर नरडाण्याच्या बाजारातून घेतलेली कोरी लाल घागर, गाठोड्यात सांजोऱ्या, एक खरबूज, आणि फडक्यात गुंडाळलेली मी. बापाची घागर यंदा भावाच्या घरी भरायची होती. पूजेत बापाची वस्तू हवी, म्हणून मी.

जीवरामांच्या पठारावरच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी त्यांची बायको प्रमिलाबाई भेटली. भोळी बाई. तिला आनंद झाला. "वन्सं, या ना! झोकासुद्धा बांधलाय. हे पुढं साहेबांशी बोलताहेत, बसा तोवर."

पुढच्या पडवीतलं बोलणं स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होतं.

"अख्खी टेकडी जळून गेली," मोठ्या साहेबांचा आवाज होता. "आणि त्या जाळीपाशी चारच रोपं कशी जगली?"

"तेच तर सांगतोय, साहेब," जीवराम म्हणाले. "त्या जाळीपाशी बायांनी खुरपी चालवली नाही. बाकी सगळीकडे निंदताना मुळं कापून ठेवली. कपाशीच्या बाया त्या. चिडाचं मूळ त्यांना काय कळणार? ती ताईबाई म्हणून आहे ना, तिचाच सगळा घोळ."

मित्रांनो, केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. इतकी वर्षं मी माणसांच्या हातात वावरले, पण गळा कापायला खुरपी लागत नाही हे त्या दिवशी कळलं. मी फडक्यात होते. मला तोंड असून नसल्यासारखं. कोण म्हणतं मूळ कापलं? अख्खं मूळ तूच हातात धरलं होतंस ना रे? झुडपं राहू दे असं तुलाच सांगितलं होतं ना? पण चोर सोडून संन्याशाला सुळी, हाच जगाचा न्याय.

साहेबांची गाडी गेली. जीवराम आत आले आणि दारातच थबकले. ताईबाई उभी होती. डोक्यावरची घागर तिनं अजून उतरवली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "मनी खुरपीघाई एक बी मूय तुटनं नही."

जीवरामांनी खाली बघितलं. मग हळू आवाजात, समजुतीनं बोलले, आणि तेच अधिक लागलं. "ताई, मला माहीत आहे. पण साहेबापुढं काहीतरी सांगावं लागतं. माझी नोकरी आहे. तुमचं काय जातंय? तुमच्यावर कोण कारवाई करणार आहे?"

"मनं नाव जास ना, भाऊ."

प्रमिलाबाई हिरवी साडी घेऊन बाहेर आली, तिला काहीच उमगेना. "वन्सं, निदान ओटी तरी..." ताईबाईनं साडीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि साडी तिच्याच हातात ठेवून ती निघाली. मागं झोका रिकामाच हलत होता.

खालच्या झऱ्यावर तिनं घागर भरली. वैशाखात झऱ्याला पाणी ते किती! वाटीवाटीनं भरत बसली होती. द्रौपदाबाई वाटी धरत होती. भरलेली घागर घेऊन दोघी टेकडी चढल्या. उतारावर सगळीकडे वाळलेली रोपं उभी होती, पाय लागला की काडकन मोडत. ताईबाई थेट या जाळीपाशी आली. शेंदराच्या दगडापुढं तिनं घागर ठेवली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. मला फडक्यातून काढून शेजारी मांडलं.

"बापनी घागर भरनी का?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"नही. भाऊनी."

"तो ते तू धाकली व्हती तव्हयच गया व."

"तो नही," ताईबाई म्हणाली. "आज जो भाऊ मरी गया, तेना नावनी घागर शे हाई."

तिनं हात जोडले. ती रडली नाही. मग घागर उचलली आणि चारही रोपांच्या बुडाशी थोडं थोडं करत शेवटच्या थेंबापर्यंत रिती केली. गवताखालची माती ते पाणी पीत गेली. रिकामी घागर तिनं बाजूच्या खडकावर आपटून फोडली. शेवटी मला उचललं. नेहमीसारखी कमरेला खोचील असं मला वाटलं. तिनं माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला, धार बघितली, आणि या जाळीच्या बुंध्याशी मला जमिनीत रोवलं.

"आते तू आठेच राह्य," ती म्हणाली. "तूच साक्षीदार शे."

त्यानंतर ती इथं कधी आली नाही. चार-पाच वर्षांनी द्रौपदाबाई दुसऱ्या कुठल्या टोळीबरोबर आली होती. याच जाळीखाली भाकरी खाताना ती बायांना सांगत होती. जीवराम साहेबांपुढं बोलले ती गोष्ट ट्रकवाल्यांच्या तोंडून खाली उतरली. कपाशीवाले आधी चेष्टेत म्हणायचे, "मुळं कापणारी ताईबाई आली का?" मग खरंच दुसऱ्या टोळीला बोलवायला लागले. ताईबाईनं निंदणी सोडली. आखाजीला ती घराचं दार लावून घेते, असं द्रौपदाबाई म्हणाली आणि पाणी प्यायली.

चारही चीड मात्र वाढले. घागरभर पाणी आणि करवंदीची सावली त्यांना त्या उन्हाळ्यापुरती मिळाली, तेवढ्यात मुळांनी ओल गाठली. आता दर वर्षी त्यांचं बी पडतं. पावसाळ्यात सगळीकडे कोंब उगवतात, उन्हाळ्यात उघड्यावरचे करपतात, आणि जाळीच्या आडोशाला एखाददुसरा तग धरतो. जे चष्मेवाल्यानं सांगितलं होतं ते ही टेकडी दर वर्षी पुन्हा सांगते. ऐकायला कुणी नसतं. जीवरामांना बढती मिळाली, ते बदलून कधीच गेले. नाव तेवढं मागं ठेवून गेले.

तर मित्रांनो, डबे झाकण्याआधी माझी एवढी विनवणी ऐका. इथली झुडपं तोडू नका, तुमच्या पायांपाशी जी इवली रोपं आहेत त्यांच्यावर बसू नका. पण हे तुमचे गुरुजीही सांगतील. मला दुसरंच मागायचं आहे. नरडाण्याकडं तुमच्यापैकी कुणी राहत असेल, तर येत्या आखाजीला ताईबाईचं घर शोधा. दार लावलेलं असेल, तरी कडी वाजवा. तिला आत्या म्हणून हाक मारा, तशी हाक तिला कुणीच मारलेली नाही. आणि सांगा, आम्ही मुराळी आलोय, तुमच्या बापाच्या खुरपीनं धाडलंय. ती विचारील, खुरपी काय म्हणते? तर म्हणा, तिला गंज चढलाय, पण ती अजून तेच सांगतेय. एकही मूळ कापलं नाही.